ज्वारीच्या नावातला 'सी'

मराठवाड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्यासमोर 'सी.एस.एच.' ही तीन अक्षरे उच्चारली, तर ती काय आहेत हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. सी.एस.एच.-१, सी.एस.एच.-५, सी.एस.एच.-९ ही संकरित ज्वारीच्या वाणांची नावे. यातला 'एस' म्हणजे सोरघम, अर्थात ज्वारी. 'एच' म्हणजे हायब्रीड. गावोगावी लोकांनी शेवटचे अक्षर तेवढे उचलले आणि या ज्वारीला नुसते 'हायब्रीड' म्हटले. पहिल्या 'सी'कडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. तो 'सी' आहे कोऑर्डिनेटेड या शब्दाचा. समन्वित, म्हणजे अनेकांनी एकमेकांशी मेळ घालून तयार केलेली.

पाठ्यपुस्तकात विज्ञानाचा इतिहास बहुधा एकेका थोर व्यक्तीच्या नावाने येतो. एक शास्त्रज्ञ, एक प्रयोगशाळा, एक शोध. आम्ही संशोधन करणारी माणसे मात्र रोजच्या कामात वेगळेच पाहतो. आमचा बराच वेळ दुसऱ्याकडून काही मागवण्यात, दुसऱ्याला काही पाठवण्यात आणि दोघांची मोजमापे जुळतात का हे पाहण्यात जातो. हल्ली तरुण संशोधकांना 'संपर्क वाढवा', 'आपले जाळे विणा' असा सल्ला सर्रास दिला जातो. पण असे जाळे विणायचे म्हणजे नेमके काय करायचे? मोठ्या माणसांच्या ओळखी काढायच्या, की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जालना जिल्ह्यातली शेते ही चांगली जागा आहे.

एकट्या केंद्राची अडचण

जालना हे मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. हा मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासूनचा. याच मार्गावर पुढे परभणी लागते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

ज्वारीवर काम करणाऱ्या एखाद्या केंद्राची कल्पना करा. तिथल्या संशोधकाने दोन वाण शेजारी शेजारी पेरले. एकाचे उत्पन्न दुसऱ्यापेक्षा जास्त आले. यावरून तो काय निष्कर्ष काढील? त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला असेल, जमीन काळी आणि खोल असेल, खोडमाशी कमी असेल. पुढच्या वर्षी निकाल नेमका उलटा लागू शकतो. एका जागी दहा वर्षे प्रयोग केला तर काही तरी खात्री मिळेल, पण तीही त्याच जागेपुरती. मात्र तेच दोन वाण एकाच हंगामात दहा ठिकाणी, दहा प्रकारच्या जमिनीत आणि पावसात पेरले, तर पुष्कळ गोष्टी एका वर्षात कळतात. शेतीच्या संशोधनात दुसऱ्या संशोधकाची गरज ही अशी अगदी व्यावहारिक असते. तुमच्याकडे नसलेला पाऊस आणि नसलेली जमीन त्याच्याकडे असते.

१९५६ मध्ये भारत सरकार आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्यात शेती संशोधनासाठी करार झाला. त्यातून १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला. आपल्या देशातला या प्रकारचा हा पहिला प्रकल्प. वेगवेगळ्या राज्यांतली केंद्रे एकाच आराखड्यात आली. १९६१ मध्ये या प्रकल्पातून गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे मक्याचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. पुढे ज्वारी, बाजरी आणि इतर पिके याच वाटेने गेली.

या पद्धतीचे नियम साधे होते आणि आजही ते मुळात तेच आहेत. प्रत्येक केंद्राने आपले चांगले वाण सर्वांना द्यायचे. चाचणीत ते नावाने न ओळखता सांकेतिक क्रमांकाने ओळखायचे, म्हणजे स्वतःच्या वाणाबद्दलची माया मोजमापात उतरत नाही. प्रत्येक ठिकाणी एक ठरलेला जुना वाण सोबत पेरायचा; याला तुल्य वाण म्हणतात. सर्वांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवायच्या आणि त्या समन्वयकाकडे पाठवायच्या. वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून निकाल समोर ठेवायचे. ज्याचा वाण पडला त्यालाही तिथे बसावे लागते, आणि तो का पडला याची चर्चा ऐकावी लागते. संशोधकांची ओळख वाढते ती इथे. नियमित आणि खरी नोंद पाठवणारे केंद्र कोणते, हे दोन-चार वर्षांत सर्वांना कळून चुकते.

टेक्सासहून मराठवाड्यापर्यंत

ज्वारीचा संकर करणे मक्यापेक्षा अवघड. मक्याचा तुरा आणि कणीस वेगवेगळ्या जागी असतात. ज्यापासून बी घ्यायचे त्या झाडाचा तुरा उपटला की काम भागते. ज्वारीच्या कणसात मात्र एकाच बारीक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून शेकडो एकरांसाठी बी तयार करणे शक्यच नव्हते.

वाट सापडली ती अमेरिकेतील टेक्सासमध्ये. १९५४ साली स्टीफन्स आणि हॉलंड या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की 'मायलो' गटातील ज्वारीचे पेशीद्रव्य आणि 'काफिर' या आफ्रिकी गटातील ज्वारीचे केंद्रक एकत्र आले, तर झाडाला परागकण धरत नाहीत. झाड नरवंध्य होते, मात्र दुसऱ्याचे पराग मिळाले तर दाणे नीट भरतात. या तत्त्वावर तीन प्रकारच्या वाणांची साखळी तयार होते. पहिला 'ए' वाण, म्हणजे नरवंध्य मादी. दुसरा 'बी' वाण. याचे पराग 'ए'वर पडले की पुन्हा नरवंध्य झाडेच मिळतात, म्हणजे मादी वाण टिकवता येतो. तिसरा 'आर' वाण. याच्या परागांमुळे पुढच्या पिढीत पराग धरण्याची क्षमता परत येते. 'ए' आणि 'आर' यांचा संकर म्हणजे शेतकऱ्याने पेरायचे संकरित बी. शेतकऱ्याने त्या पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून हे बी दरवर्षी नवे तयार करावे लागते.

अमेरिकेतला सी.के.-६० हा नरवंध्य वाण भारतात आला. त्याचा आय.एस.-८४ या वाणाशी संकर करून १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ प्रसारित झाला. देशातली ही पहिली संकरित ज्वारी. स्थानिक खरीप ज्वारी उंच वाढायची आणि तयार व्हायला चार-पाच महिने घ्यायची. ही बुटकी ज्वारी सुमारे शंभर दिवसांत हाती येऊ लागली. या कामाचे एक मोठे केंद्र हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे होते. राज्याच्या सीमा बदलल्या तेव्हा मराठवाड्याचा हैदराबादशी कारभाराचा संबंध तुटला होता. ज्वारीच्या निमित्ताने संशोधनाचा संबंध नव्याने जुळला. तिथल्या कामाचे एक आधारस्तंभ डॉ. एन. जी. पी. राव पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

दोनशे मीटरचा शेजारधर्म

संशोधकाने संकर तयार केला म्हणून तो शेतात पोहोचत नाही. बी कोण तयार करणार? १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली होती. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. मका, ज्वारी, बाजरी यांच्या संकरित बियाण्याचे काम जालन्यात वाढले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बीजोत्पादन म्हणजे काय हे शेतात जाऊन पाहावे. ज्वारीत मादी वाणाच्या चार ओळी, नर वाणाच्या दोन ओळी अशी पेरणी असते आणि कडेने नर वाणाच्या ओळी. दोन्ही वाण एकाच वेळी फुलोऱ्यात आले पाहिजेत. नाही तर पराग वाया जातात आणि मादी रिकामी राहते. शिवाय वाऱ्याबरोबर परका पराग येऊ नये म्हणून ठरावीक विलगीकरण अंतर राखावे लागते. ज्वारीच्या प्रमाणित संकरित बियाण्यासाठी ते साधारण २०० मीटर असते. म्हणजे एका शेतकऱ्याने बीजोत्पादन घ्यायचे ठरवले, तर त्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी त्या पट्ट्यात दुसरी ज्वारी पेरायची नाही. ज्या गावात बांधावरून भांडणे होतात, त्या गावात हे ठरवून घ्यायचे!

टेक्सासमधल्या प्रयोगशाळेपासून सुरू झालेली साखळी अशी बांधावरच्या चार शेजाऱ्यांपर्यंत येते. त्यातली कोणतीही एक कडी तुटली तर उरलेल्या साऱ्या कड्यांचे काम फुकट जाते. आज जालना शहर बियाण्यांसाठी ओळखले जाते, त्यामागे असे शेकडो हंगामांचे शेजारधर्म आहेत.

घेणे आणि परत देणे

जे येते ते फक्त वापरायचे, की त्यात भर घालून परत पाठवायचे? जाळ्यातला आपला दर्जा यावर ठरतो. याचे उदाहरण त्याच भेंडीत आहे.

पुसा सावनी ही डॉ. हरभजनसिंग यांनी दिल्लीत तयार केलेली जात. पिवळ्या शिरांच्या रोगाला, म्हणजे केवड्याला, ती सुरुवातीला दाद देत नव्हती. हा विषाणूंमुळे होणारा रोग पांढरी माशी पसरवते. कालांतराने पुसा सावनीही त्याला बळी पडू लागली. १९७२ मध्ये परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. तिथल्या जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर 'अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या भेंडीच्या दूरच्या नातेवाईक प्रजातीशी केला. असा दूरचा संकर सहज फळत नाही. संकरित झाडे बरीचशी वांझ निघतात. त्यांचा पुन्हापुन्हा पुसा सावनीशी संकर करत, रोगप्रतिकार तेवढा टिकवत, त्यांनी १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' ही जात दिली. दिल्लीहून आलेले बी परभणीहून सुधारून देशभर गेले. तोपर्यंत मागास भागातले एक नवे विद्यापीठ म्हणून पाहिल्या जाणाऱ्या केंद्राचे नाव भेंडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत झाले. त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज पडली नाही.

एकाच आईची लेकरे

जाळ्याचे धोकेही असतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी बाजरीचा 'टिफ्ट २३ ए' हा नरवंध्य वाण तयार केला आणि तो भारतीय संशोधकांना मिळाला. पंजाबात डॉ. अठवाल यांनी त्यावरून १९६५ मध्ये एच.बी.-१ ही पहिली संकरित बाजरी काढली. एच.बी.-१ ते एच.बी.-५ या सुरुवातीच्या पाचही वाणांची मादी एकच होती, टिफ्ट २३ ए. बाप वेगवेगळे, पण आई एक. ती आई गोसावी रोगाला बळी पडणारी होती. १९७१ पासून या रोगाच्या साथी आल्या आणि संकरित बाजरीचे मोठे नुकसान झाले. गोसावीत कणसाच्या जागी पानांसारखी हिरवी वाढ होते, दाणा भरत नाही.

चांगली गोष्ट जाळ्यातून वेगाने पसरते, तशी तिच्यातली उणीवही पसरते. सर्वांनी एकाच ठिकाणाहून घेतले, तर सर्व जण एकदमच अडचणीत येतात. उपायही मात्र जाळ्यातूनच आला. अनेक ठिकाणी मुद्दाम रोग पाडून वाणांची परीक्षा घेण्याची पद्धत रुळली. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि आफ्रिकेतून आलेल्या बाजरीच्या विविध वाणांवर काम सुरू झाले. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशातल्या बाजरीतून निवडलेला आय.सी.टी.पी.-८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच्या नावातला 'टी' म्हणजे टोगो. आई बदलायची तर तिचे माहेर दूरचे शोधावे लागते, हा धडा बाजरीने शिकवला.

कडब्याचे काय?

आता एक अवघड प्रश्न. या समन्वित चाचण्यांत मोजले काय जात होते? मुख्यतः हेक्टरी धान्याचे उत्पन्न. जालना, अंबड, परतूर या भागातला शेतकरी मात्र ज्वारीकडे दोन पिके म्हणून पाहतो. एक दाणा, दुसरा कडबा. बैलजोडी आणि दुभती जनावरे उन्हाळा काढतात ती कडब्यावर. बुटक्या संकरित ज्वारीने दाणा वाढवला, पण कडबा कमी केला. शंभर दिवसांत तयार होणारी ज्वारी पाऊस संपण्याआधी दाण्यात यायची. सप्टेंबरचा पाऊस लांबला की कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडायचा आणि बाजारात भाव पडायचा. भाकरीच्या चवीबद्दल घराघरातून बायकांचे मत होतेच. रब्बीत तर सोलापूर भागातल्या मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ज्वारीला अनेक दशके कोणी हलवू शकले नाही. तिचा दाणा टपोरा आणि कडबा भरपूर.

संशोधक हे सगळे जाणत नव्हते असे नाही. पण वार्षिक बैठकीत जे बसतात त्यांचेच प्रश्न मोजमापाच्या तक्त्यात स्तंभ होऊन येतात. कडबा विकत घेणारा आणि भाकरी थापणारी त्या बैठकीत नव्हती. कडब्याचे उत्पन्न, दाण्याची प्रत, बुरशीला प्रतिकार या गोष्टींना पुढे प्रकल्पात महत्त्व मिळाले, रब्बीसाठी 'परभणी मोती'सारखे वाण आले. तोवर बराच काळ गेला, आणि खरिपातली ज्वारीची पुष्कळ जमीन कापूस आणि सोयाबीनकडे गेली. जाळ्यात कोणाला जागा आहे यावर काय मोजले जाईल हे ठरते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे.

जालन्यातच त्याचे एक उत्तर घडत गेले. शहरालगत खरपुडी येथे मराठवाडा शेती सहाय्यक मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा केंद्रांची सुरुवात देशात १९७४ साली पुद्दुचेरीला झाली. खरपुडीला विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांची दरमहा बैठक भरवण्याची प्रथा पडली. इथे प्रश्न शेतकरी आणतो आणि विद्यापीठातला संशोधक त्याला उत्तर देतो. उत्तर नसेल तर तो प्रश्न घेऊन परत जातो. जवळच्या कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले. तेही गावकऱ्यांनी आणि तंत्रज्ञांनी मिळून शिवार पाहिल्यामुळे. दरमहा त्याच दिवशी, त्याच जागी भेटणे ही गोष्ट साधी वाटते, पण विश्वास बसतो तो अशा नियमितपणामुळेच.

बदललेले व्यवहार

सी.के.-६० किंवा टिफ्ट २३ ए भारतात आले तेव्हा संशोधकाने संशोधकाला बी द्यावे ही रीत होती. पुढे ती रीत पूर्वीसारखी राहिली नाही. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर वनस्पतींवर देशांचा हक्क मान्य झाला. १९९६ मध्ये महिकोने अमेरिकेतील मोन्सँटोकडून बीटी जनुक असलेले कापसाचे १०० ग्रॅम बियाणे आणले, ते सरकारी परवानगीने आणि व्यापारी कराराने. २००२ मध्ये बीटी कापसाला लागवडीची मान्यता मिळाली. दरम्यान २००१ मध्ये आपल्याकडे पीकवाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा झाला. देवाणघेवाण थांबली नाही, पण आता प्रत्येक पाकिटासोबत कागद असतो आणि त्यावर अटी असतात. ज्यांच्याकडून पूर्वी काही न देता घेतले गेले, त्या शेतकरी समूहांचा हक्क यामुळे मान्य झाला, हे चांगलेच. पण लहान केंद्रातल्या संशोधकाला एक मूठ बी मिळवणे जड झाले, हेही खरे. या दोन्ही गोष्टी सांभाळणारी रीत अजून घडायची आहे.

मग तरुण संशोधकाने जाळे विणायचे कसे? ज्वारीचा इतिहास सांगतो, की आधी आपल्या जागेची खरी नोंद ठेवावी, कारण ती दुसऱ्या कोणाकडे नसते. दुसऱ्याकडून घेतलेल्या गोष्टीचा निकाल, प्रतिकूल असला तरी, त्याला कळवावा. सगळे एकाच ठिकाणाहून घेऊ नये. आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्याला बैठकीत बसवावे. मोठ्या शहरापासून दूर असणे यात आड येत नाही. उलट कोरडवाहू जालन्याची नोंद ही दिल्लीला हवी असलेली वस्तू असते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर मुलांना घरची बियाण्याची रिकामी पाकिटे आणायला सांगावीत. नावे फळ्यावर लिहावीत. 'पुसा' म्हणजे दिल्लीची संस्था. पण मूळ पुसा बिहारमधले, १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला आली. 'फुले' म्हणजे राहुरीचे विद्यापीठ. 'पंत' म्हणजे उत्तराखंडातील पंतनगर. 'अर्का' म्हणजे बंगळूरची फलोद्यान संस्था. ती अर्कावती नदीजवळ आहे. 'परभणी' तर उघडच आहे. नकाशावर ही ठिकाणे दाखवून आपल्या गावापर्यंत दोरे ताणावेत. मग मुलांना एकच प्रश्न विचारावा: या दोऱ्यांवरून आपल्या गावाकडे एवढे काही आले, आपल्या गावाकडून काय गेले? उत्तर चटकन मिळणार नाही. ते शोधायला मुलांना गावातल्या जुन्या शेतकऱ्यांकडे जावे लागेल, आणि तिथून पुढचे जाळे ती स्वतःच विणू लागतील.